कवटीची शिवण आणि डोळ्याचा आरसा

बाळाच्या टाळूवर तेल घालताना आजी सांगते, 'हलक्या हातानं, टाळू अजून भरली नाही.' कवटी जन्मतः एकसंध नसते, हे तिला पक्कं ठाऊक असतं. मेंदू वाढेल तशी जागा मिळावी म्हणून कवटीच्या हाडांमधल्या शिवणी मोकळ्या असतात. काही मुलांत एखादी शिवण वेळेआधीच मिटते.

१८५१ साली रुडॉल्फ विर्खो यांनी नियम मांडला: मिटलेल्या शिवणीच्या काटकोनात वाढ अडते आणि कवटी दुसऱ्या दिशेनं वाढते. म्हणून कुणाचं डोकं लांबट, कुणाचं आखूड. योगायोग असा की त्याच वर्षी हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत पाहण्याचा आरसा जगापुढे ठेवला. कवटीतला दाब वाढला, की दृष्टीची नस डोळ्यात शिरते तिथली चकती सुजते. सूज टिकली तर नस वाळते, नजर जाते. हे त्या आरशात दिसतं. मूल मात्र तक्रार करत नाही. एका डोळ्यानं दिसेनासं झालं तरी ते धावतं, खेळतं. दोन डोळ्यांचं जग कसं असतं हे त्याला कोण सांगणार?

शस्त्रक्रिया सुरू झाली ती मात्र डोळ्यांसाठी नव्हे. १८९० मध्ये पॅरिसचे लानलाँग लहान डोक्याच्या मतिमंद मुलांच्या कवट्या कापून मोकळ्या करू लागले. कवटी आवळते म्हणून मेंदू खुंटतो, असा समज. बहुतेकांचं उलट होतं: मेंदूच वाढत नव्हता, म्हणून कवटी लहान. पुष्कळ मुलं दगावली. १८९४ साली न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ अब्राहम जेकोबी यांनी यावर कडाडून टीका केली आणि ही शस्त्रक्रिया मागे पडली. वर्गात कार्यकारणाची गल्लत शिकवताना आम्ही वर्षानुवर्षं धूर आणि अग्नीच उगाळला. हे उदाहरण तेव्हा सांगायला हवं होतं.

मग १९२७ साली फेबर आणि टाऊन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी लेख लिहिला. शिवण खरोखरच मिटली असेल तर लवकर शस्त्रक्रिया करा, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा मुख्य मुद्दा बुद्धीचा नव्हता, अंधत्व टाळण्याचा होता. लेखाच्या शीर्षकातच तो होता. टाकून दिलेली शस्त्रक्रिया अशी डोळ्यांच्या निमित्तानं परत आली.

आता नस वाळण्यापेक्षा जास्त मुलांची नजर कमी होते ती 'आळशी डोळ्या'नं. कपाळाच्या एकाच बाजूची शिवण मिटली की खोबण वाकडी होते, तिरळेपणा येतो, दोन डोळ्यांचे नंबर वेगळे पडतात आणि मेंदू एका डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. कोवळ्या वयात चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी दिली तर हे बरंचसं सुधारतं. म्हणून कवटीची शस्त्रक्रिया झाली तरी डोळ्यांची तपासणी चालूच ठेवायची. आणि आरशावरही सगळा भार टाकायचा नाही: लहान मुलात चकती सुजलेली दिसली नाही, एवढ्यावरून दाब नाही असं म्हणता येत नाही.