भट्टी आणि पंखा

मध्यमवर्गीय माणसाला आयुष्यात निवड करायची संधी फार कमी मिळते. नाव आईवडील ठेवतात, शाळा घराजवळची असते, नोकरी लागेल ती आणि बदली होईल तिथं. त्यामुळे दोन वस्तू समोर ठेवून कुणी ‘यातली कुठली हवी?’ असं विचारलं की तो गोंधळून जातो. आमच्या घरी सध्या असाच गोंधळ चालू आहे, तो विजेच्या ओव्हनवरून. एक ओव्हन साधा: वर-खाली तापणाऱ्या सळया आणि मध्ये पदार्थ. दुसऱ्यात हे सगळं असून शिवाय मागच्या भिंतीत एक पंखा. दुकानदार त्याला ‘कन्व्हेक्शन’ म्हणतो आणि तेवढ्या एका शब्दाचे पैसे वाढवून सांगतो. सौ.चा कौल साध्याला, सूनबाईंचा पंख्याला. मला दोघींनीही विचारलेलं नाही. त्यामुळे या प्रश्नाकडे इतिहासाच्या दृष्टीनं, निःपक्षपातीपणे बघायला मी मोकळा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ओव्हन ही परभणी जिल्ह्याची गरज कधी नव्हतीच. याचं कारण ज्वारी. गव्हाच्या कणकेत ग्लुटेन नावाचा चिवट पदार्थ असतो. तो आंबवणातला वायू कोंडून धरतो आणि पाव फुगतो. असा जाडजूड पाव आतपर्यंत भाजायचा तर चहूबाजूंनी उष्णता हवी, म्हणून भट्टी हवी. ज्वारीत ग्लुटेन नाही. तिचा पाव करायला जाल तर वीट होईल. आमच्या आज्या-पणज्यांनी हे ओळखलं, ज्वारी थापून पातळ केली, तव्यावर टाकली आणि शेवटी चुलीच्या तोंडाशी विस्तवाला टेकवून उभी केली. टम्म! मग भट्टी बांधतो कोण? इथल्या कृषी विद्यापीठानं ‘परभणी मोती’ काढली, २०१८ साली जास्त लोह-जस्ताची ‘परभणी शक्ती’ आणली. पण अखेर त्यांचीही भाकरीच होते.

गव्हाची हौस यायची ती रोडग्यांपुरती. जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचे, वर राख ओढायची आणि गप्पा मारत बसायचं. पंखा नाही, बटण नाही, काटा नाही. हा आमचा साधा ओव्हन. नाथांच्या भारुडातली सून सासरच्या माणसांपासून सुटका मागते आणि भवानीला कबूल करते तो रोडगाच. म्हणजे भट्टीवरून सासू-सुनेत मतभेद असणं, ही आमच्या घरची नवी गोष्ट नव्हे. तिला चारशे वर्षांची परंपरा आहे.

आता पंख्याचा मामला. तो कळायला परभणीच्या माणसाला पदार्थविज्ञानाचं पुस्तक लागत नाही, मे महिना पुरतो. वारा पडला की सारं गाव साध्या ओव्हनमध्ये असतं. दुपारी झळा सुरू झाल्या की त्याच गावाचं कन्व्हेक्शन होतं. पारा तोच, पण तोंड भाजून निघतं आणि गच्चीवरच्या कुरडया चटकन वाळतात. प्रत्येक वस्तूभोवती हवेचं एक पातळ, कमी तापलेलं पांघरूण असतं. वारा ते ओढून घेतो, एवढंच त्यातलं रहस्य. साध्या ओव्हनमध्येही हवा फिरते, पण आपल्या मनानं. तापली की वर, निवली की खाली. पंखा तिला कामाला लावतो.

शिजवलेली सफरचंदं इतका वेळ गरम राहून तोंड का भाजतात, असा प्रश्न काउंट रम्फर्ड नावाच्या गृहस्थांना पडला होता. आपलं तोंड भाजलं तर आपण वाढणाऱ्यावर ओरडतो. त्यांनी १७९७ साली निबंध छापला. पातळ पदार्थात उष्णता पोचते ती मुख्यतः त्या पदार्थाच्या हिंडण्याफिरण्यानं, आणि दाट पदार्थाला हिंडता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. या हिंडण्याला ‘कन्व्हेक्शन’ हे नाव १८३४ साली विल्यम प्राउट या इंग्रज डॉक्टरनं दिलं. ओव्हनला पंखा बसला तो मात्र विमानामुळे. १९४५ च्या सुमारास अमेरिकेत विल्यम मॅक्सन यांनी गोठवलेली जेवणाची ताटं विमानात झटपट गरम करण्यासाठी पंख्याचा ओव्हन तयार केला. आकाशात भूक लागलेल्यांची ती सोय आता आमच्या ओट्याशेजारी जागा मागते आहे.

पण आमच्या पिढीनं भट्टी पाहिली ती स्वयंपाकघरात नव्हे, बेकरीत. दिवाळी जवळ आली, किंवा उन्हाळ्याची सुट्टी लागली, की घरोघरची मैदा-साखर-डालडा डब्यांत भरून बेकरीकडे निघायची. भट्टी विटांची. आत लाकडं पेटवायची, विटा तापल्या की विस्तव बाजूला ओढायचा, आणि मग विटांनी साठवलेल्या उष्णतेवर सगळा कारभार. भट्टी कडक असताना पाव, थोडी उतरली की खारी आणि नानकटाई, आणि अगदी शेवटी, मंद उबेवर, टोस्ट. साध्या ओव्हनचा काटा आपण हातानं फिरवतो. इथं भट्टी स्वतःच आपला काटा खाली आणायची आणि बेकरीवाले चाचा त्याप्रमाणे माल बदलायचे. घाई केलेली त्यांना खपत नसे.

“चाचा, आमचं झालं का?”

“अब्बी भट्टी गरम है, बाई. जल गई तो मेरेकोच बोलेंगे!”

त्या बाकड्यावर वकिलीणबाई, मास्तरीणबाई, शेजारच्या खालाजान आणि आम्ही पोरं एका रांगेत बसायचो. ईद असो की दिवाळी, भट्टी तीच आणि भाजणावळही तीच. पत्रे बाहेर आले की खरा पेच पडायचा. नानकटाई सगळ्यांची सारखीच दिसते! तिथं उपयोगी पडायचं ते डब्यावर घातलेलं नाव. आपल्या लोकांना भांड्यावर नाव घालायचं वेड का, याचं उत्तर त्या रांगेत मिळे.

आणि हे वेड आपल्यापुरतं नाही. इटलीत व्हेसुव्हियस ज्वालामुखीखाली इ.स. ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम शहरात एक जळून कोळसा झालेला पाव सापडला. त्यावर शिक्का आहे: क्विंटस ग्रॅनियस व्हेरस यांचा गुलाम सेलर, त्याचा हा पाव. सामायिक भट्टीत अदलाबदल होऊ नये म्हणून तो मारला असावा, असं मानतात. शहर गेलं, मालक गेला, गुलाम गेला. पावावरचं नाव राहिलं. फ्रान्समध्ये तर जहागीरदाराच्या भट्टीतच पाव भाजायची आणि त्याचं भाडं भरायची सक्ती असे. ती पुरती मोडायला राज्यक्रांती आणि १७९३ साल यावं लागलं. आमच्या चाचांनी सक्ती कधी केली नाही. तरी रांग मोडलीच, आणि क्रांतीवाचून मोडली.

आधी स्टोव्हवर वाळूचं पातेलं आलं: आत ताटली, वर झाकण, झाकणावर निखारे. मग अ‍ॅल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन, झाकणाला काचेचा डोळा असलेला. केक फुगताना बघायला घरातली सगळी डोकी त्या एका डोळ्यावर आदळत. नेमकी तेव्हाच वीज जायची. पीठ नि अंडं पक्कं व्हायच्या आत उष्णता गेली की आतल्या वायूचे बुडबुडे आकसतात आणि केक मधोमध खचतो. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही जुनी म्हण आमच्याकडे त्या खड्ड्याला उद्देशून म्हटली जायची. खचलेला केक खाऊन संपवायला मात्र कधी अडचण आली नाही.

बायकांचे ते चार-चार तास रांगेत जायचे, हे विसरून गळा काढण्यात अर्थ नाही. ओव्हन घरी आला हे चांगलंच झालं. तेव्हा निवाडा करू. एखादा केक करायचा असेल तर साधा ओव्हन उत्तम. पंख्याच्या वाऱ्यानं नाजूक केकची वरची साय लवकर धरते आणि पातळ पीठ एका बाजूला कलू शकतं. नानकटाईचे दोन पत्रे एकदम ठेवायचे तर साध्यात एका पत्र्याची वर करपते आणि दुसऱ्याची खाली पांढरी राहते; तिथं पंख्याला तोड नाही. मात्र कृतीत १८० अंश सांगितले असतील तर पंखा चालू असताना १६० वर ठेवावं. आणि शहाण्यानं पंखा बंद करायचं बटण असलेलाच ओव्हन घ्यावा. मोठ्या प्लगची सोय आधी बघावी.

म्हणजे सौ. बरोबर आणि सूनबाईही बरोबर. एक म्हणते आपल्यापुरता केक, दुसरी म्हणते दोन पत्रे. खरा प्रश्न पंख्याचा नाहीच; दुसऱ्या पत्र्यावरचं कोण खाणार, हा आहे. चाचांच्या भट्टीत हा प्रश्न कुणाला पडला नाही. तिथं वास सगळ्यांचा असायचा आणि गरमागरम एक-एक नग पोरांच्या हातावर पडायचा, कुणाच्या पत्र्यावरचा ते कुणी विचारत नसे. बंद दाराच्या ओव्हनला तेवढं जमत नाही. ते आपल्याला करावं लागतं.

तेव्हा माझं मत, कुणी विचारलं नसलं तरी, पंख्याच्या बाजूनं. फक्त ओव्हनबरोबर एक स्टीलचा डबाही घ्यावा आणि त्यावर ठळक नाव घालून घ्यावं. दुसरा पत्रा त्यात भरून शेजारी पाठवावा. नाव असलं की डबा परत येतो. आणि आपल्याकडे डबा कधी रिकामा परत येत नाही.