खिशातल्या वाचकाचं मागचं दार

मंडळी, आज जरा तांत्रिक इतिहास. घरच्यांनी घाबरू नये, कोडची एकही ओळ नाही. 'प्लगिन' म्हणजे मूळ प्रोग्रामला हात न लावता त्याला नवीन काम जोडायची सोय, एवढं कळलं की पुरे.

१९९६ साली पायलट १००० आला तेव्हा त्यात मेमरी होती १२८ केबी. एवढ्याशा जागेत प्लगिन कुठे कोंबणार? म्हणून पामवरच्या प्लकर या मुक्त वाचकाने जड काम घरच्या कॉम्प्युटरवर ढकललं. तिथे पायथनमधला प्रोग्राम वेबपानं गोळा करून त्यांची फाइल बनवायचा, पाम ती नुसती दाखवायचा. फाइलचा आराखडा उघड होता, त्यामुळे जेप्लकसारखे दुसरे फाइल बनवणारेही निघाले. म्हणजे इंटरफेस होता तो फाइलच्या आराखड्यातच!

२००५ मध्ये शार्प झॉरससाठी एफबीरीडर आला. त्यात प्रत्येक फॉरमॅटसाठी वेगळा प्लगिन होता, पण तो मूळ प्रोग्रामबरोबरच कंपाइल व्हायचा. दार होतं, चावी मात्र घरमालकाकडे.

मला खरा रस आहे तो केओरीडरमध्ये. किंडलसाठीच्या एका छोट्या पीडीएफ दाखवणाऱ्या प्रोग्राममधून तो वाढला. पीडीएफचं काम म्युपीडीएफ करतो, ईपबचं कूलरीडरचं इंजिन, आणि वरचा बहुतेक डोलारा लुआ भाषेत. लुआ कंपाइल करून ठेवावी लागत नाही, त्यामुळे प्लगिन म्हणजे साधा एक फोल्डर. आत एक मुख्य फाइल आणि नाव-माहितीची दुसरी. कॉपी करा, पुन्हा सुरू करा, झालं.

आता गंमत. पान उलटलं, पुस्तक उघडलं, बंद झालं की आत एक निरोप फिरतो. ज्याला हवा तो ऐकतो. प्लगिनही ऐकतो, अगदी प्रोग्रामच्या आतल्या भागांसारखाच. आणि एखाद्याने 'हो, माझं झालं' असं उत्तर दिलं की निरोप तिथेच थांबतो. म्हणजे कुणा अनोळखी माणसाचा प्लगिन तुमचं पान उलटणंसुद्धा गिळू शकतो! वर पूर्ण यूआय त्याच्या हातात. कुंपण नाहीच.

हे धाडस आहे, आणि मला ते आवडतं. कडक कुंपण घातलं असतं तर वाचनाची आकडेवारी, मुखपृष्ठांची मांडणी, कॅलिबरशी जोडणी ही सगळी कामं प्लगिन म्हणून झाली असती का? मला शंका आहे. प्रत्येकासाठी आधी मूळ मंडळींकडे अर्ज करावा लागला असता. त्याऐवजी त्यांनी पडलं तर लागू नये एवढी गादी घातली: लोड होताना किंवा निरोप हाताळताना प्लगिनची चूक झाली तर ती लॉगमध्ये लिहिली जाते, पुस्तक मात्र उघडंच राहतं. आणि फक्त पुस्तकातच कामाचा असलेला प्लगिन तशी खूण करून ठेवतो, म्हणजे फाइलींच्या यादीत असताना तो उगाच लोड होत नाही. किंडल ३ मध्ये २५६ एमबी रॅम होती, तिथे हे लाख मोलाचं.

पण गादी चुकीला झेलते, आगाऊपणाला नाही. दर पानाला नेट शोधणारा प्लगिन बॅटरी खातो, आणि त्यात 'चूक' अशी काहीच नसते.

असो. पुढे केओरीडरने 'युजर पॅच' आणले: एका फोल्डरात फाइल टाका आणि आतलं कुठलंही फंक्शन बदला. नवी आवृत्ती आली की पॅच मोडतो तो मोडतोच, दुरुस्ती ज्याची त्याने करायची.