फॅन आर्टचे कूळ

व्हिडिओ गेममधले पात्र घ्यायचे, आपल्या मनातल्या प्रसंगात उभे करायचे आणि संगणकातच दिवे मांडून त्याचे चित्र ‘रेंडर’ करायचे, या डिजिटल फॅन आर्टला अनेक जण परदेशी खूळ समजतात. अवजारे परदेशी आहेत, हे खरे. पृष्ठभागावरची चकाकी गणिताने काढण्याची रीत बुई तुओंग फाँग यांनी १९७५ मध्ये मांडली. टॉन रोसेनडाल यांचे ‘ब्लेंडर’ हे त्रिमितीय चित्रे घडवण्याचे सॉफ्टवेअर २००२ मध्ये, लोकवर्गणीतून एक लाख युरो जमल्यावर, सर्वांसाठी मुक्तस्रोत झाले. पण अवजाराची जन्मपत्रिका म्हणजे कलेची कुळकथा नव्हे. ओळखीच्या पात्राला आपला प्रसंग आणि आपला उजेड द्यायचा, या रीतीला आपल्याकडे आधीपासून नाव आहे: देखावा.

अमरावती-अकोल्याकडे भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठा महालक्ष्म्या बसतात. मुखवटे ठरलेले, कथा सर्वांना ठाऊक. घरागणिक बदलते ती आरास. दिवा मागे दडवला की मुखवट्याची कड उजळते, समोरून हॅलोजन मारला की चेहरा सपाट पडतो, जिलेटिनचा रंगीत कागद लावला की त्याच जागी सांज होते आणि धुपाच्या धुरात झोत दिसू लागतो. ब्लेंडरमध्ये बसलेला कलाकार नेमके हेच प्रश्न सोडवत असतो. साम्य म्हणजे नाते नव्हे, असे कोणी म्हणेल. पण नात्याचे दुवेही सापडतात. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली. काचांवर हाताने रंगवलेली पुराणातली पात्रे तिच्यात दिव्याच्या उजेडाने पडद्यावर हलत. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता चित्रपटात आले आणि १९२३ च्या ‘सिंहगड’साठी त्यांनी कृत्रिम दिवे वापरले. मुख्य दिवा, भरीचा दिवा, कडेचा दिवा ही स्टुडिओतली विभागणीच संगणकातल्या प्रकाशयोजनेने उचलली आहे.

उजेडाचे गणित यंत्र करते, मग माणसाचे काय, हा दुसरा आक्षेप. किरण भिंतीवर आपटून किती परततो, हे यंत्र मोजते. दिवा योद्ध्याच्या पाठीशी ठेवायचा की पायाशी, हे ते ठरवत नाही. पायाशी ठेवला तर नायक भेसूर दिसतो, पाठीशी ठेवला तर एकाकी. तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: देव सर्वांचे, गेममधले पात्र कंपनीचे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार रूपांतराचा हक्क मूळ मालकाकडे असतो, म्हणून असे चित्र विकायला काढण्याआधी परवानगी घेणेच योग्य. परंतु हा मालकीचा वाद झाला. त्याने कलेचे कूळ बदलत नाही. अशा चित्राची पारख करताना पात्राचे श्रेय त्याच्या मूळ निर्मात्याला द्यावे, उजेडाचे मात्र ज्याने दिवा मांडला त्याला.