धुराला वाट

३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरात दुपारच्या खेळाला आग लागली आणि सहाशेहून अधिक माणसे मेली. इमारत मात्र डागडुजी होऊन वर्षाच्या आत दुसऱ्या नावाने पुन्हा उघडली. जाहिरातीत तिला ‘पूर्णपणे अग्निरोधक’ म्हटले होते, आणि भिंती-खांबांपुरते बोलायचे तर तो दावा खोटा नव्हता. एकोणिसाव्या शतकात नाट्यगृहे बांधणाऱ्यांनी सगळी बुद्धी इमारत जळू नये यासाठी खर्च केली. आत बसलेला माणूस बहुधा ज्वाळा अंगापर्यंत पोचण्याआधीच धुराने गुदमरतो, ही गोष्ट त्यांच्या हिशेबात फार उशिरा आली. म्हणूनच मोठ्या इमारतींमधील दुर्घटनांचा इतिहास आगीचा म्हणून वाचला, की त्यातला मुख्य धडा हातून निसटतो.

हा धडा इरोक्वॉयच्या बऱ्याच आधी उपलब्ध होता. ८ डिसेंबर १८८१ रोजी व्हिएन्नाच्या रिंगथिएटरमध्ये रंगमंचावरच्या गॅसच्या दिव्यांपासून आग लागली. लोखंडी पडदा खाली आला नाही, गॅस बंद झाल्याने अंधार पडला आणि अधिकृत मोजणीनुसार ३८४ माणसे गेली. त्यानंतर ऑस्ट्रियातील अभियंत्यांनी नाट्यगृहाची लहान प्रतिकृती बांधून तिच्यात आगी लावून पाहिल्या. रंगमंचाच्या छताला पुरेशी मोठी झडपे असली आणि ती वेळेत उघडली, तर गरम धूर सरळ वर निघून जातो. झडपे बंद असली, तर तोच धूर पडद्याखालून प्रेक्षागृहात घुसतो. १८८७ मध्ये इंग्लंडमधील एक्सिटरचे नवेकोरे थिएटर रॉयल जळाले, तेव्हा १८६ मृतांपैकी बहुतेक सर्वात वरच्या गॅलरीतले होते. धूर आधी छताखाली साचतो, आणि स्वस्त तिकिटाचा प्रेक्षक नेमका तिथेच बसलेला असतो.

इरोक्वॉयच्या रंगमंचावरही अशी झडपे होती, पण ती उघडणार नाहीत अशी पक्की बंद करून ठेवलेली होती. आर्क दिव्यापासून पडद्याच्या कापडाने पेट घेतला. सुरक्षा-पडदा खाली येताना अर्ध्यातच अडकला. जीव वाचवायला कलाकारांनी मागचे दार उघडताच बाहेरची थंड हवा आत घुसली. वरून निसटायला जागा नसलेला तप्त वायू त्या अर्धवट पडद्याखालून ज्वाळांसकट प्रेक्षागृहात फेकला गेला आणि बाल्कनीवर आदळला. तिथे अडसर लावलेली, पडद्यांआड दडलेली दारे माणसांची वाट अडवून होती. पुढे जॉन फ्रीमन या अमेरिकी अभियंत्याने नाट्यगृहांतील सुरक्षेवर विस्ताराने लिहिले, तेव्हा रंगमंचावरची मोठी, आपोआप उघडणारी झडपे आणि स्प्रिंकलर या दोन्हींचा आग्रह धरला.

यावर एक जुना आक्षेप आहे: छत उघडले तर आगीला वारा मिळून ती भडकणार नाही का? भडकेल. पण रंगमंच जळणे हे नुकसान आहे. प्रेक्षागृह धुराने भरणे हा मृत्यू आहे. शिवाय इरोक्वॉयमध्ये वारा मिळालाच, फक्त तो खालून मिळाला आणि वरची वाट बंद राहिली. दुसरा आक्षेप असा, की माणसे चेंगराचेंगरीने मरतात, म्हणजे दोष गर्दीच्या घबराटीचा. एडिनबरोच्या एम्पायर पॅलेस थिएटरचा अनुभव याला उत्तर देतो. ९ मे १९११ रोजी तिथे रंगमंचावर आग लागली, पण लोखंडी पडदा खाली आला आणि सुमारे ३,००० प्रेक्षक अवघ्या अडीच मिनिटांत सुखरूप बाहेर पडले. मृत्यू झाले ते पडद्यामागे. त्यांत ‘द ग्रेट लाफायेत’ हा प्रसिद्ध जादूगारही होता. माणसे तशीच होती. फरक एवढाच, की धूर त्यांच्यापर्यंत पोचला नाही. तिसरा आक्षेप आजचा आहे: स्प्रिंकलर असताना झडपे कशाला? स्प्रिंकलर आग दाबतात, त्यांची गरज कोणी नाकारत नाही; पण आधीच जिन्यात शिरलेला धूर ते बाहेर काढत नाहीत.

आपल्याकडे हे १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात दिसले. आग तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरची होती, पडद्याजवळ काहीच पेटले नव्हते. धूर जिन्यातून आणि एसीच्या वाटेने बाल्कनीपर्यंत चढला. तिथे जादा खुर्च्या टाकून बाहेर जाण्याची वाट अडवलेली होती. ५९ माणसे गेली, बहुतेक गुदमरून. २०११ मध्ये कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात तळघरात सुरू झालेल्या आगीचा धूर काचबंद इमारतीत वर चढला आणि नव्वदच्या आसपास जीव गेले. रंगमंचाची जागा तळघराने घेतली, गॅलरीची रुग्णकक्षाने. यंत्रणा बसवणे आणि ती चालणे यांतले अंतर मात्र इरोक्वॉयइतकेच राहिले. महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने हे अंतर ओळखले आहे. अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. पण प्रमाणपत्र कागदावर भरून चालत नाही. झडप प्रत्यक्ष उघडून, पंखा प्रत्यक्ष चालवून, जिन्याचे दार प्रत्यक्ष बंद करून पाहिले, तरच त्याला अर्थ आहे. धुराने कुठून जायचे हे नकाशा काढतानाच ठरले पाहिजे, आणि ती वाट मोकळी आहे याची खात्री इमारत वापरात असेपर्यंत करत राहिली पाहिजे. इरोक्वॉयची झडपे नकाशात होती. तेवढ्याने कोणी वाचले नाही.