कल्पित कथा आणि सरकारी चौकशी

घरांतील मुलगा अभ्यास बाजूला सारून चंद्रावरील प्रवासाची गोष्ट वाचूं लागला, कीं वडील मंडळींच्या कपाळाला आठी पडते. 'असल्या भाकडकथा वाचून काय मिळावयाचें?' हा त्यांचा प्रश्न वरवर पाहतां रास्त वाटतो. परंतु या वाङ्मयप्रकाराचा इतिहास थोडासा चाळला, म्हणजे त्याचें उत्तर वाटतें तितकें सोपें नाहीं, असें आम्हांस दिसून येतें.

फ्रान्सांत ज्यूल व्हर्न व इंग्लंडांत वेल्स यांनीं शास्त्राच्या आधारें कथा रचण्याची वाट एकोणिसाव्या शतकांतच पाडून ठेविली होती. तथापि केवळ अशाच कथांना वाहिलेलें 'अमेझिंग स्टोरीज' हें इंग्रजी मासिक अमेरिकेंत निघालें तें एप्रिल १९२६ मध्यें. त्याचा चालक ह्यूगो गर्न्सबॅक हा मूळचा लक्झेंबर्गचा. १९०४ सालीं तो अमेरिकेस गेला व तेथें बिनतारी यंत्रांच्या साहित्याचा व्यापार करूं लागला. पंचवीस सेंट किमतीच्या त्या पहिल्या अंकांत नवी कथा एकही नव्हती. व्हर्न, वेल्स, पो आदिकरून लेखकांच्या जुन्या कथाच त्यानें पुन्हा छापल्या. लेखकांस मोबदला देण्याच्या कामीं त्याचा हात आखडता असे, आणि १९२९ सालीं दिवाळें निघून तें मासिकही त्याच्या हातून गेलें. पण एक गोष्ट त्यानें अशी केली, कीं तिचें फळ त्याच्या व्यापारापेक्षां अधिक टिकलें. वाचकांचीं पत्रें तो त्यांच्या पूर्ण पत्त्यांसह छापी. त्यामुळें दूरदूरच्या गांवचे वाचक एकमेकांस लिहूं लागले, त्यांचीं मंडळें निघालीं, आणि त्या वाचकांतूनच पुढें कित्येक लेखक निर्माण झाले.

या परंपरेंतील 'अस्टाउंडिंग' हें मासिक जानेवारी १९३० मध्यें सुरू झालें. १९३७ च्या अखेरीस जॉन कॅम्बेल त्याचा संपादक झाला. मार्च १९४४ च्या अंकांत त्यानें क्लीव्ह कार्टमिल याची 'डेडलाइन' नांवाची कथा छापली. कथा परक्या ग्रहावरील. पण तेथील भांडणाऱ्या दोन पक्षांचीं नांवें म्हणजे 'अॅक्सिस' व 'अलाइज' हे शब्द उलटे लिहिलेले! शत्रूनें युरेनियम-२३५ वेगळें काढून बॉम्ब तयार केला आहे व त्याचा नाश करण्यासाठीं एक हेर निघाला आहे, एवढेंच तिचें कथानक. कथा म्हणून ती सामान्यच, असें आमचें मत आहे.

परंतु त्याच वेळीं अमेरिकेंत अणुबॉम्बचें काम अत्यंत गुप्तपणें चाललें होतें. साहजिकच तें गुपित फुटलें कीं काय, अशी शंका येऊन सरकारी हेर संपादकाकडे व लेखकाकडे चौकशीस गेले. फितुरी कोठेंच नव्हती. युरेनियमच्या अणूचें विभाजन होतें हा शोध १९३९ च्या आरंभींच प्रसिद्ध झाला होता, आणि कथेंतील माहिती उघड्या शास्त्रीय नियतकालिकांतूनच घेतलेली होती. ज्याला तीं वाचून पुढचा विचार करतां येत होता, त्याला गुपित चोरण्याची गरजच नव्हती. पुढें ६ ऑगस्ट १९४५ रोजीं हिरोशिमावर बॉम्ब पडला, आणि कथेंतील शस्त्र खरें ठरलें.

यास कोणी भविष्यकथन म्हणतील. आम्ही तसें म्हणत नाहीं. कार्टमिलच्या कथेंतील बॉम्बची रचना खऱ्या बॉम्बाशीं जुळणारी नव्हती, आणि अशा कथांतील बहुतेक भाकितें चुकतात हेंही खरें. त्यांची किंमत भाकितांत नसून, 'हें साधलें तर माणसाचें काय होईल?' हा प्रश्न प्रसंग ओढवण्यापूर्वींच विचारण्यांत आहे. त्या हेरांना गुपिताची काळजी होती. कथेला मात्र शस्त्राचीच काळजी होती.

आमच्या मराठींत याचें एक हृद्य उदाहरण आहे. मराठी विज्ञान परिषदेनें १९७४ सालीं विज्ञानकथांची स्पर्धा ठेविली. तींत 'कृष्णविवर' या कथेस पहिलें पारितोषिक मिळालें. लेखक, नारायण विनायक जगताप. हें नांव म्हणजे जयंत विष्णु नारळीकर यांच्या आद्याक्षरांची उलटापालट होती! जगद्विख्यात खगोलशास्त्रज्ञाच्या नांवाचें दडपण परीक्षकांवर पडूं नये, म्हणून त्यांनीं तें झांकलें होतें. अमेरिकेंतील त्या हेरांना कल्पित कथेंत खरें शास्त्र असूं शकतें हें पटेना. येथें एक खरा शास्त्रज्ञ आपली कथा कथा म्हणूनच पारखून घ्यावयास निघाला होता. तेच नारळीकर २०२१ सालीं नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२५ च्या मे महिन्यांत ते निवर्तले.

तेव्हां वडील मंडळींस आमची एवढीच विनंती आहे, कीं मुलाच्या हातून तें मासिक काढून घ्यावयाचेंच असेल, तर आधीं त्यांतील एक कथा स्वतः वाचावी, आणि मग तिच्यांत काय खरें व काय अशक्य, हें त्यालाच विचारावें. तो जें उत्तर शोधूं लागेल, तोही अभ्यासच होय.