‘छावा’ आणि ‘चाबाल’ : एका शब्दाच्या दोन वाटा

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा हे जिजाबाईंचे जन्मस्थान. त्यांचे नातू संभाजी यांस मराठी मन ‘छावा’ म्हणून ओळखते. शिवाजी सावंत यांच्या १९७९ सालच्या कादंबरीने ही ओळख घरोघरी पोचविली. तथापि त्याच सिंदखेडच्या गल्लीत खेळणाऱ्या मुलास नित्याच्या बोलण्यात कोणी छावा म्हणत नाही. तो ‘पोरगा’ असतो, वऱ्हाडी बोलीत ‘पोट्टा’ असतो. छावा म्हणजे हत्तीचे वा सिंहाचे पिलू. मनुष्यास हा शब्द लावावयाचा तर पिता पराक्रमी असावा लागतो.

याच शब्दाचा एक भाऊबंद स्पेनमध्ये मात्र कोणत्याही पोरास लागतो. स्पॅनिश भाषेत मुलास ‘निन्यो’, ‘मुचाचो’ असे म्हणतात. परंतु सलगीचा शब्द ‘चाबाल’ हा होय. तो तेथील जिप्सींच्या, म्हणजे रोमा लोकांच्या, कालो बोलीतून आला. रोमानी भाषेत ‘छावो’ म्हणजे मुलगा आणि ‘छावाले’ म्हणजे ‘पोरांनो!’ अर्थात स्पॅनिशने उचलली ती हाक होती.

संस्कृत ‘शाव’ या शब्दातील ‘श’चा प्राकृतात ‘छ’ होतो, हे वररुची व हेमचंद्र या दोघाही वैयाकरणांनी नोंदविले आहे. त्या प्राकृत ‘छाव’पासून मराठी ‘छावा’ सिद्ध झाला. रोमानी ‘छावो’ही याच शब्दकुळातला. यावरून रोमा लोक महाराष्ट्रातून गेले असे मात्र अनुमान काढता येत नाही. राल्फ टर्नर यांनी १९२६ मध्ये त्यांच्या भाषेचे प्राचीन नाते मध्यदेशीय भाषांशी जोडले व पुढील वास्तव्य वायव्येस मानले. मराठी भाषेच्या घडणीवर १९२० मध्ये ग्रंथ प्रसिद्ध करणारे ज्यूल ब्लॉक यांनीच १९५३ मध्ये जिप्सींवरही पुस्तक लिहिले, हे येथे लक्षणीय आहे.

स्पेनमधील रोमांचा पहिला ज्ञात लेखी उल्लेख १४२५ सालचा. आरागॉनच्या राजाने त्यांस दिलेला तो प्रवासाचा परवाना होता. हा आदर टिकला नाही. १४९९ मध्ये, स्थिर व्यवसाय न पत्करणाऱ्यांस हद्दपारीचा हुकूम निघाला. १७४९ मध्ये त्यांची देशभर धरपकड झाली. १७८३ च्या फर्मानाने त्यांची भाषाही निषिद्ध ठरविली. ज्यांची भाषा राजाज्ञेने बंद केली, त्यांचीच मुलांना मारावयाची हाक राज्यकर्त्यांच्या भाषेत रुजली.

एकाच कुळातील दोन शब्दांपैकी एक राजपुत्राच्या गौरवास चढला, तर दुसरा तिरस्कृतांच्या तोंडून निघून सर्वांच्या अंगणात उतरला. शब्दाची प्रतिष्ठा त्याच्या व्युत्पत्तीने ठरत नाही, बोलणाऱ्यांच्या इतिहासाने ठरते. यास्तव ‘छावा’ची थोरवी सांगणाऱ्या अभ्यासकाने ‘पोट्टा’ हा शब्दही तितक्याच आस्थेने तपासला पाहिजे.