कुलाब्याचा पाऊस आणि साष्टीचा पूर

पावसाळ्यात सकाळी वर्तमानपत्र हाती आले की आपण प्रथम दोन आकडे पाहतो : कुलाबा इतके, सांताक्रूझ इतके. हे आकडे एका दमात वाचण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, ते मुळात दोन निरनिराळ्या बेटांचे आकडे आहेत हे ध्यानातही येत नाही. कुलाबा हे मुंबई बेटाचे दक्षिण टोक. सांताक्रूझ साष्टी बेटावर. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही आपली उपनगरेही साष्टीवरच. उष्ण कटिबंधातील बेटे म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मॉरिशस, फिजी उभी राहतात. आपण स्वतः तशाच एका बेटावर राहतो, ही गोष्ट माहीमच्या खाडीवरून आगगाडी धडधडत जाताना कोणाच्या मनात येते? या आपल्या बेटाच्या पावसाचा, त्याच्या अंदाजाचा आणि पुराचा थोडा इतिहास येथे सांगावा, असा आमचा विचार आहे.

कंपनी सरकारने १८२६ साली कुलाब्याला वेधशाळा बांधली, ती पावसासाठी नव्हे. बंदरातील जहाजांना अचूक वेळ हवी होती, म्हणून ताऱ्यांचे वेध घ्यावयाचे होते. हवामानाची व पृथ्वीच्या चुंबकत्वाची पद्धतशीर निरीक्षणे १८४१ पासून सुरू झाली. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्या प्रवाहाने चुंबकीय उपकरणे बिघडतील म्हणून १९०४ च्या सुमारास ते काम समुद्रापलीकडे अलिबागला हलविण्यात आले. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीतील ही गोष्ट. पाऊस मोजण्याचे काम मात्र कुलाब्यालाच राहिले. ट्रामने पावसाचे काही बिघडत नव्हते!

अखिल भारतीय हवामान खाते १८७५ साली निघाले. त्यामागे १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ होते आणि १८६६ चा ओरिसातील दुष्काळ होता. खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी हिमालयावरील बर्फ पाहून १८८० नंतरच्या दशकात मोसमी पावसाचे अंदाज वर्तविण्यास आरंभ केला. पुढे सर गिल्बर्ट वॉकर यांनी प्रशांत महासागरावरील हवेच्या दाबाशी आपल्या पावसाचा संबंध जोडला. हे काम थोर होते यात शंका नाही. परंतु सरकारचा प्रश्न कोणता होता, हे आपण पाहिले पाहिजे. यंदा पीक येईल काय, सारा वसूल होईल काय, हा तो प्रश्न. कुर्ल्याच्या चाळीत पाणी शिरेल काय, असे विचारणारा त्या काळी कोणी नव्हता. 

मग साष्टीत काय होते? सहासष्ट गावे होती, त्यावरून बेटाला साष्टी हे नाव पडले असे सांगतात. मध्यभागी कान्हेरीचा डोंगर, साडेचारशे मीटरांहून थोडा उंच. त्याच्या दोहो अंगांनी उतरती जमीन, आणि मग सपाट खाजणे, मिठागरे, तिवरांची राने आणि खाडी. या बेटावर पावसाचा हिशेब प्रथम कोणी ठेवला असेल, तर तो कान्हेरीच्या भिक्षूंनी. त्यांनी लेण्यांच्या दारांशी कातळात पाण्याची टाकी खोदली, डोंगरावरून येणाऱ्या पाण्याला चर कोरून दिले, आणि दात्यांची नावे शिलालेखांत लिहून ठेवली. तेथील प्राकृत लेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. पाणी कोणत्या वाटेने उतरते हे पाहूनच त्यांनी छिन्नी चालविली असली पाहिजे. आम्ही दर खेपेस लेण्यांत गेलो की मूर्तींच्या आधी ते चर पाहतो.

खाली शेतकरी बांध घालून खाजणात भात पिकवीत. अशा बांधलेल्या जमिनीला शिलोत्री म्हणत. उधाणाला खारे पाणी अडवावयाचे आणि ओहोटीला पावसाचे पाणी सोडून द्यावयाचे, हे त्या बांधाचे दुहेरी काम. कोळ्याला तर उधाण केव्हा आणि भांग केव्हा हे तिथीवरूनच समजे. डोंगरातून आलेल्या पाण्याला समुद्र वाट देतो की नाही, यावर या बेटाचा पूर अवलंबून असतो, हे त्या दोघांनाही पुस्तकाविना ठाऊक होते. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर १९६६ च्या जानेवारीत एका दिवसात १८२५ मिलिमीटर पाऊस पडला. तो जगाचा उच्चांक आहे. पण तेथे उंच कडे आहेत, पाणी घळींतून थेट समुद्रात कोसळते. साष्टीत ते चिखलाच्या सपाटीवर येऊन थांबते आणि भरतीची परवानगी मागते.

ही व्यवस्था हळूहळू मोडत गेली. मुंबईची तहान भागविण्यासाठी १८६० साली मिठीच्या उगमावर विहार तलाव झाला, मागोमाग तुळशी आणि पवई. १८४५ साली माहीमचा बांधरस्ता झाला. १८५३ साली ठाण्यापर्यंत लोहमार्ग आला. तोंडाशी खाडी आवळली, डोक्याशी तलाव बसला, आणि मधल्या अठरा किलोमीटरांत मिठी राहिली. महापालिकेची हद्द १९५० साली उपनगरांत आली व १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंत पोहोचली. विमानतळाच्या धावपट्टीखालून नदीला जावे लागले. कुर्ला-वांद्र्याच्या दलदलीवर भर पडून कचेऱ्या उभ्या राहिल्या. दहिसर, पोयसर, ओशिवरा या नद्यांना लोक सर्रास नाला म्हणू लागले. नदीचे नाव पुसले की तिचे पात्र बुजविण्यास फारसा संकोच राहत नाही.

आता दोन तारखा शेजारी ठेवून पाहा. ५ जुलै १९७४ रोजी कुलाब्याला चोवीस तासांत ५७५.६ मिलिमीटर पाऊस झाला, सांताक्रूझला ३७५.२. २६ जुलै २००५ रोजी कुलाब्याला ७३.४, आणि सांताक्रूझला ९४४.२! विहार तलावावर तर हजाराच्याही वर. त्या दिवशी फोर्टातील कचेऱ्यांत बसलेल्या माणसांना आपल्या घराकडे काय चालले आहे याची कल्पनाच नव्हती. नेहमीचा पाऊस, असे म्हणून ती बाहेर पडली आणि रात्रभर रुळांवरून, कमरेइतक्या पाण्यातून चालत राहिली. दुपारनंतरच्या चार-पाच तासांत निम्म्याहून अधिक पाऊस कोसळला होता. शहराची गटारे मात्र तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या, तेही ओहोटीच्या वेळच्या, हिशेबाने बांधलेली होती. हे प्रमाण दुप्पट करावे असा अहवाल १९९३ सालीच तयार झाला होता. मुंबईत चारशेहून अधिक माणसे दगावली. साकीनाक्याला दरडीखाली एकाच ठिकाणी सत्तरांहून अधिक गेली. आणि पाचच वर्षांपूर्वी, १२ जुलै २००० रोजी, घाटकोपरच्या आझादनगरात टेकडी अशीच कोसळली होती.

हवामान खात्याला दोष देणे त्या दिवसांत फार सोपे झाले होते. आम्हांला तो पुरता न्याय्य वाटत नाही. इतक्या लहान टापूवर उभा राहिलेला ढग आदल्या दिवशी ओळखणे कोणालाही साधले नसते, आणि त्याचा माग काढणारे डॉप्लर रडारही तेव्हा मुंबईत नव्हते. ढग दिसला असता तरी मिठीचे पात्र रुंद झाले नसते. माधवराव चितळे यांच्या समितीने २००६ साली अहवाल दिला, त्यात नदीची वळणे, अतिक्रमणे, गाळ आणि पाणी मोजण्याची साधने या सर्वांचा विचार आहे. पावसाचे कारण शोधावयास गेलेली समिती जमिनीवर येऊन पोहोचली, ती अशी.

त्यानंतर बरेच झाले, हे कबूल केले पाहिजे. कुलाब्याला डॉप्लर रडार आले. महापालिकेने जागोजागी स्वयंचलित पर्जन्यमापके बसविली. जून २०२० मध्ये शहरासाठी पुराची पूर्वसूचना देणारी स्वतंत्र यंत्रणा सुरू झाली, आणि जानेवारी २०२२ मध्ये अंधेरीजवळ वेरावलीच्या टेकडीवर दुसरे रडार उभे राहिले. दीडशे वर्षांहून अधिक काळ मुंबईचा पाऊस प्रामुख्याने कुलाब्यावरून पाहिला जात होता. तो आता साष्टीवरूनही पाहिला जातो.

महापालिका दरवर्षी पावसाळ्यापूर्वी साडेचार मीटरांहून मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते. ती कापून भिंतीला लावणारी घरे आम्हांला ठाऊक आहेत, आणि ते योग्यच आहे. पण २६ जुलै २००५ रोजी पौर्णिमा होऊन पाच दिवस उलटले होते. दुपारी चारच्या सुमारास आलेली भरती ४.४८ मीटरांची होती. त्या यादीच्या कसोटीत तो दिवस बसला नसता.